नवमीचा टेकू

कोहळा यंदा हर्षने आणला होता, आणि तो मेला अगदीच एवढासा होता. पद्मावतीने तो हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला. जयनगरच्या बाजारातला, पुसून चकचकीत केलेला. शेतावरच्या वेलाला याच्या दुप्पट कोहळे लटकत होते, पण मोठ्या दिरांना सांगणार कोण? फत्तेसिंगअण्णांनी फोनवर फर्मावलं होतं, रायफलीचं लायसन्स आता हर्षच्या नावावर झालं, तेव्हा कोहळाही त्यानेच आणायचा.

"लहान आहे का, चिक्कम्मा?" हर्षने विचारलं. चुलतीला चिक्कम्मा, चुलत्याला चिक्कप्पा, थोरल्या काकांना दोड्डप्पा म्हणायचं, हे घाटग्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. घर मराठी, पण बेंगळुरात इतकी वर्षं काढल्यावर नात्यांची नावं कन्नड झाली होती.

"लहान नाही रे. लांबून दिसायला पाहिजे, एवढंच."

हर्ष ओशाळून हसला. पोरगा वाईट नव्हता. बापाचा एकुलता एक, बापापुढे तोंड न उघडणारा. पद्मावतीचा राग त्याच्यावर नव्हताच कधी. तिचा राग ओसरीवर आरामखुर्ची टाकून बसलेल्या त्याच्या बापावर होता, आणि तो आजचा नव्हता.

खंडेनवमीला सगळं बेंगळुरू गाड्यांपुढे कोहळे फोडतं. घाटग्यांची रीत वेगळी. कोहळ्याला भोक पाडून आत कुंकू भरायचं, आनेकलच्या शेतावर, नाचणीच्या, म्हणजे इथल्या रागीच्या पिकापलीकडे मातीच्या उंच बांधाशी तो ठेवायचा आणि घरच्या रायफलीने उडवायचा. पूर्वी कोहळ्याच्या जागी रानडुक्कर असे. शिकारीवर बंदी आली त्या साली पद्मावतीच्या सासऱ्यांनी पहिल्यांदा कोहळा ठेवला. डुक्कर गेलं, पण बाकीचं सगळं तसंच राहिलं. रायफल थोरल्याची आणि टेकू धाकट्याचा.

टेकू म्हणजे खांदा. धाकट्या भावाने गुडघा टेकून पुढे बसायचं, थोरल्याने त्याच्या उजव्या खांद्यावर रायफलीचं पुढचं लाकूड ठेवायचं, नेम धरायचा आणि हळूच म्हणायचं, "धर." की खालच्याने श्वास धरायचा. बार होईपर्यंत सोडायचा नाही. नळीचं तोंड कानापासून हातभर पुढे. पूजेच्या दिवशी दोन पाट मांडले जात. एकावर रायफल, दुसऱ्यावर उघड्या अंगाने टेकू. दोघांनाही हळदकुंकू, दोघांनाही अक्षता. रायफलीला झेंडूचा हार घालत. टेकूला बार झाल्यावर नारळाचा पहिला तुकडा, थोरल्याच्या हातून.

लग्न होऊन आली तेव्हा पद्मावतीला हे फार भारी वाटलं होतं. मल्लेश्वरमच्या तिच्या माहेरी वडिलांच्या टाइपरायटरची पूजा होई, बस. इथे नवऱ्याच्या खांद्याला कुंकू लागत होतं. तिने तेव्हा मैत्रिणींना पत्रातून कौतुकाने कळवलं होतं. आता ते आठवलं की तिला स्वतःलाच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटत.

आज त्या दुसऱ्या पाटावर शंतनु बसणार होता. तिचा शंतनु.

"आई, एक बार तर आहे," तो आठवडाभर म्हणत होता. "वर्षातनं एकदा. त्यासाठी दोड्डप्पांशी भांडण कशाला?"

"तुझ्या अप्पांचाही एकच बार होता पहिल्यांदा."

यावर तो उठून गोठ्याकडे जाई. आणि तिचा नवरा? दत्ता तर मुलाला शिकवत होता. रोज सकाळी ओसरीवर शंतनुला बसवून, श्वास कुठे अडवायचा, मान कशी डावीकडे झुकवायची, कोपर गुडघ्यावर कसं रोवायचं. पद्मावती आत भाकऱ्या थापत ऐकत होती आणि तव्यावर राग काढत होती. इतकी वर्षं थोरल्या भावापुढे गुडघा टेकलेल्या माणसाला तेवढीच एक विद्या आली होती, आणि ती तो मुलाला देत होता. कसल्या अभिमानाने देत होता! ते बघून तिला रडूही येई आणि चीडही येई.

म्हणून तिने सुनेला फितवलं होतं. स्वानंदी पुण्याची, आयटीतली, मनात येईल ते बोलून मोकळी होणारी. तिला फितवायला फारसे कष्ट पडले नाहीत.

रायफलीची पूजा झाली. हर्षने रायफलीला हार घातला. फत्तेसिंगअण्णा खुर्चीतून उठले. हात थरथरत होते, आताशा पेल्यातलं पाणीही हिंदकळून सांडे. आवाज मात्र तोच होता.

"शंतनु, शर्ट काढ. पाटावर बस."

शंतनु बटणं काढू लागला.

"एक मिनिट, मोठे काका," स्वानंदी म्हणाली आणि गाडीतून लांब काळी पिशवी घेऊन आली. "मी हे मागवलंय. शूटिंगसाठीच असतं. तीन पाय आहेत, उंची ॲडजस्ट होते, वरती रबराची खाच आहे. बाहेर सगळे शिकारी हेच वापरतात."

अण्णांनी त्या तिकाटण्याकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. "कोणी सांगितलं तुला मागवायला?"

"कोणी नाही. मीच. शंतनुच्या कानाशी बंदूक उडणार, आणि मी बघत बसू? सॉरी, पण हे सेफ नाहीये."

"सरी, बरं तर," अण्णा शांतपणे म्हणाले. "लाव. बघू दे तुझं शास्त्र."

त्यांनी मुद्दामच लावू दिलं, हे पद्मावतीच्या लक्षात आलं. दसऱ्याआधीच्या पावसाने शेतातली माती अजून लोण्यासारखी मऊ होती. हर्षने खाचेत रायफल ठेवून जरा भार दिला, तसा एक पाय मातीत रुतला. तो वर काढला तर दुसरा रुतला. नळीचं टोक झोकांड्या खाऊ लागलं.

अण्णा हसले. मनापासून हसले. "पाहिलंस? अगं, टेकू मी सगळे करून बघितलेत. फांदीचं दुबेळकं घे, दोन्ही बाजूंना हलतं. दगडावर ठेव, रायफल उसळते आणि गोळी डुकराच्या पाठीवरून जाते. झाडाला नळी टेकव, नेमाचा सत्यानाश. माणसाचा खांदा कसा असतो? स्वल्प मऊ, आत घट्ट. आणि सांगितलं की श्वास धरतो. तुझ्या या तिकाटण्याला श्वास धर म्हणून सांगता येतं का?"

"मग त्याने निदान इअरप्लग्ज तरी घालावेत."

"कानात बोळे घातले तर 'धर' म्हटलेलं कसं ऐकणार?" अण्णांनी धाकट्या भावाकडे हात केला. "आणि होतं काय एवढं? विचार तुझ्या सासऱ्याला. त्याने जन्मभर टेकू दिला. काय झालं त्याला? काय रे दत्ता?"

दत्ता अण्णांच्या डाव्या हाताला उभा होता, बांधाकडे बघत. त्याचा उजवा कान अण्णांच्या बाजूला होता. तो बघतच राहिला.

"दत्ता!"

तरी नाही. शंतनुने पुढे होऊन बापाच्या दंडाला हात लावला. दत्ताने वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि तो कसनुसं हसला, जसा तो लग्नाकार्यात, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे हसायचा. "काय म्हणालात, अण्णा?"

स्वानंदी अण्णांकडे बघत राहिली. अण्णांनी घसा खाकरला. "त्याचा कान लहानपणीच फुटला होता. आमच्या आईने तेल घातलं होतं, त्यात बिघडला. सगळ्यांना ठाऊक आहे."

हे वाक्य पद्मावतीने या घरात इतक्यांदा ऐकलं होतं की एकेकाळी तिलाही ते खरं वाटू लागलं होतं. सासूबाई सांगत, आत्याबाई सांगत. खुद्द दत्ताही सांगे. आज मात्र तिच्याने राहवलं नाही.

"खोटं आहे," ती म्हणाली.

"पद्मा," दत्ता म्हणाला. तिच्या चेहऱ्यावरूनच त्याला कळलं असावं.

"गप्प बसा तुम्ही. लग्न झालं तेव्हा यांचा उजवा कान खणखणीत होता. मला विचारा ना, कोणाच्या आईचं तेल कशाला? दहा माणसांच्या घरात नवी नवरी मोठ्याने बोलणार कुठे? मी रात्री याच कानात बोलायची. सगळं ऐकू यायचं यांना. शंतनु पोटात होता त्या साली डुकरांनी उच्छाद मांडला होता. जंगलखात्याच्या साहेबाची परवानगी निघाली आणि तुम्ही महिनाभर इथे मुक्काम ठोकलात, अण्णा. रोज हे मचाणावर तुमचा टेकू. एका पहाटे परत आले, माझ्या शेजारी आडवे झाले. मी याच कानात सांगितलं, बाळ हललं. हे म्हणाले, कोण आलं?"

तिने पदराने तोंड पुसलं. तिला रडायचं नव्हतं. या माणसापुढे तर मुळीच नाही.

"मी परत सांगितलं. परत म्हणाले, कोण आलंय इतक्या पहाटे? आणि उठून दार उघडायला गेले."

शंतनु खाली बघत होता. शर्टाची काढलेली बटणं तो एकेक करून लावू लागला. स्वानंदीने त्याचा हात धरला.

अण्णांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. पद्मावतीला वाटलं, आता हा माणूस निदान मान तरी खाली घालेल. पण अण्णांनी मान खाली घातली नाही. त्यांना थोरलेपण एवढंच येत होतं.

"झालं बोलून?" ते म्हणाले. "मग माझंही ऐक. हे शेत, हे घर, सगळं माझ्या नावावर आहे. बाबांनी तसं केलं, मी नाही. धाकट्याने टेकू द्यायचा आणि शेतावर राहायचं, अशी बाबांनी घालून दिलेली रीत. दत्ता राहिला. मी कधी एका शब्दाने बोललो? रागी त्याची, भाजी त्याची, घर त्याचं. शंतनुला पुढेमागे इथे राहायला यायचं आहे म्हणे. येऊ दे की! पण टेकू नको असेल, तर आनेकलही नको."

"अप्पा, असं काय..." हर्ष म्हणाला.

"तू रायफल धर."

हर्षने रायफल धरली.

पद्मावतीला एकदम पायाखालची माती जाणवली. याच मातीत ती इतकी वर्षं राबली होती. मागची विहीर, गोठा, तिने लावलेली शेवग्याची झाडं. पहाणी की काय म्हणतात त्या जमिनीच्या कागदावर यातलं काहीच तिचं नव्हतं, पण इथला प्रत्येक वाफा तिच्या हाताखालून गेला होता. आणि आता मुलाचा कान एका बाजूला आणि हे सगळं दुसऱ्या बाजूला. तिला ठरवायला क्षणभरही लागला नाही. पण नजर शेवग्यांकडे गेलीच.

ती काही बोलणार, तोवर दत्ताने अंगातला सदरा काढून ओसरीच्या खांबाला अडकवला होता. तो पाटावर जाऊन बसला. गोरी, आता सुरकुतलेली पाठ. उजवा खांदा डॉक्टरांच्या भाषेत गोठलेला, हात छातीच्या वर जात नसे. त्याने डावा खांदा पुढे केला.

"उजवा आता रायफल पेलत नाही, अण्णा," तो म्हणाला. "हा घ्या. हर्षला जमेल. शंतनुला जाऊ दे."

"अहो!" पद्मावती ओरडली. "तोच एक चांगला कान आहे तुमचा!"

"एक बार तर आहे," दत्ता म्हणाला.

बापलेकांचं वाक्य तेच. शंतनु झटक्यात पुढे झाला. "अप्पा, उठा. मी बसतो."

"तू बस तिकडे."

"उठा म्हणतो ना!"

आणि अण्णा? अण्णांनी कुंकवाची वाटी उचलली. थरथरत्या बोटाने त्यांनी धाकट्या भावाच्या डाव्या खांद्यावर कुंकू ओढलं. ते वेडंवाकडं दंडापर्यंत ओघळलं. पद्मावतीने हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्या क्षणी तिच्या मनातून मोठे दीर कायमचे उतरले. आजवर ती त्यांच्यावर रागावत होती. आता ते तिला परके झाले.

तिने घरात जाऊन फडताळातली पिशवी आणली. हे तिचं स्वतःचं काम होतं, स्वानंदीलाही न सांगता केलेलं. दत्ताच्या जुन्या जीनच्या पँटचा पाय कापून तिने दोन पिशव्या शिवल्या होत्या, एक मोठी आणि एक उशीएवढी. आत घरची वाळवलेली रागी भरली होती. अगदी गच्च नाही, थोडी सैल, म्हणजे दाबलं की खड्डा पडावा आणि पडलेला खड्डा तसाच राहावा. शिवताना तिने दत्ताच्या खांद्याचाच विचार केला होता. स्वल्प मऊ, आत घट्ट.

पाण्याच्या टाकीचा कठडा कमरेएवढा होता. तिने मोठी पिशवी त्यावर धपकन ठेवली. "हर्ष, यावर ठेवून मार. तुला जमलं नाही तर मी स्वतः त्या पाटावर बसते."

हर्ष बापाकडे बघत होता. मग पाटावरच्या चिक्कप्पांकडे. त्यांच्या खांद्यावरचं कुंकू घामाने पसरत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, हर्षने बापाच्या हुकमाची वाट पाहिली नाही. तो टाकीपाशी गेला, स्टूल ओढून बसला. पिशवीच्या मधोमध त्याने मुठीने खाच पाडली, रायफलीचं पुढचं लाकूड त्यात बसवलं, नळी कुठे टेकत नाही ना ते वाकून पाहिलं. लहान पिशवी दस्त्याखाली सरकवून ती डाव्या हाताने दाबत त्याने नळीच्या टोकावरची नेमाची माशी खालीवर करून पाहिली. सगळं इतक्या सराईतपणे, की स्वानंदीच्या तोंडून निघून गेलं, "तुला हे येतं?"

"येतं की," हर्ष नेमावरची नजर न हलवता म्हणाला. "अप्पांनीच शिकवलंय. क्लबमध्ये. मी शाळेत होतो तेव्हापासून न्यायचे ना मला रविवारी. तिथे सगळे वाळूच्या पिशवीवरच मारतात. अप्पांची तर स्वतःची होती, चामड्याची. फार सुंदर. अप्पा, कुठे गेली हो ती?"

त्याने भोळेपणाने विचारलं. आपण काय बोलून गेलो हे त्याला कळलंही नव्हतं.

अण्णांनी नजर बांधाकडे वळवली.

पद्मावतीने नवऱ्याकडे पाहिलं. दत्ताचा डावा कान टाकीच्या बाजूला होता. त्याने शब्दन्‌शब्द ऐकला होता. तो पाटावरून हळूच उठून उभा राहिला होता आणि त्याने श्वास धरला होता. त्याला कोणी "धर" म्हटलं नव्हतं. तरी छाती फुगवून, डोळे मिटून, मान किंचित झुकवून तो तसाच उभा होता.

बार झाला. पलीकडच्या झाडांतून बगळे उडाले. बांधापाशी तो एवढासा कोहळा मधोमध फुटला आणि कुंकवाचा लाल ढग मातीवर बसला. पिशवी जागची हलली नव्हती.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दत्ताने श्वास सोडला.

मग तो टाकीपाशी गेला. त्याने पिशवीवर तळवा ठेवला, दाबून पाहिली. आपल्याच पँटचं कापड त्याने ओळखलं असावं, कारण शिवणीवरून त्याने बोट फिरवलं. पद्मावती जिंकली होती. मुलगा शाबूत होता, कोहळा फुटला होता. पण नवऱ्याचा तो चेहरा बघून तिला वाटलं, मी हे काय केलं? या माणसाला वाटत होतं, जगात आपल्या खांद्यासारखा टेकू नाही. तेवढंच तर होतं त्याच्याजवळ.

"अण्णा," दत्ताने विचारलं. "क्लबात पिशवी होती?"

"क्लबचं वेगळं, घरचं वेगळं." अण्णांचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता. "रीत होती रे."

"मचाणावर का नाही आणली कधी?"

"तू होतास ना."

यात प्रेम होतं की नव्हतं, ते पद्मावतीला कळलं नाही, आणि कळून घ्यायची तिची इच्छाही उरली नव्हती. अण्णांनी सवयीने ताटातला नारळाचा तुकडा उचलला आणि भावापुढे धरला. दत्ताने तो तुकडा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पिशवीवर ठेवला.

"हा टेकूचा मान," तो म्हणाला.

"दत्ता, तमाशा नको."

दत्ताने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला. घराची, गोठ्याची, पंपाची किल्ली. तोही नारळाशेजारी ठेवला. खांबावरचा सदरा घेऊन त्याने खांद्यावरचं कुंकू पुसलं आणि तोच सदरा अंगात घातला.

"शेताचंही आता त्यालाच सांगा, अण्णा," तो म्हणाला. "रात्री डुकरं आली की त्यालाच उठवा."

हर्ष उठून "चिक्कप्पा, थांबा, ऐका तरी" म्हणत मागे आला. दत्ताने ऐकलं नाही, की ऐकू आलं नाही. शंतनुने गाडीचं दार उघडलं. अण्णा टाकीपाशी एकटे उभे होते. एक हात त्यांनी कठड्यावर टेकला होता, आणि तरीही तो थरथरत होता.

पद्मावतीने घराकडे वळून पाहिलं. चुलीवर दूध होतं. ते उतरवायला ती गेली नाही. दत्ता गाडीपाशी तिची वाट बघत उभा होता, नेहमीसारखा उजवी बाजू तिच्याकडे करून. एरवी ती तिथूनच ओरडून हाक मारायची. आज ती वळसा घालून त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि हळूच म्हणाली, "चला."